डालग्याखालची दौलत

दुष्काळ सरकारदरबारी ज्या वाटेने दाखल होतो ती वाट जुनी आणि चांगली मळलेली आहे. आधी पिकांची नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, मग अंतिम. ती पन्नास पैशांखाली उतरली म्हणजे तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या लेखण्या एका दिशेने चालू लागतात, आणि जमीनमहसुलात सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा-शुल्काची माफी, पाण्याचे टँकर, रोजगार हमीची कामे, जनावरांच्या छावण्या असा तपशील हुकुमांच्या कागदांवर क्रमाने उमटत जातो. अलीकडे पैसेवारीच्या जोडीला पर्जन्यमान, भूजल आणि उपग्रहाने टिपलेली हिरवळ यांचेही निकष आले आहेत. तरी दप्तराचा स्वभाव पालटलेला नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मराठवाड्यात आणि माणदेशात गावोगाव छावण्या उभ्या राहिल्या, आणि मोठ्या जनावरास दिवसाकाठी शंभर व लहान जनावरास पन्नास रुपये असा दर अखेरीस मुक्रर झाला. मोठे जनावर कोणते, लहान कोणते, वासराची गणना कशात करायची, दावणीला बांधलेले जनावर खरेच तेथे आहे की केवळ नोंदवहीत आहे, यावर तालुका कचेऱ्यांत पुष्कळ खल झाला. शेळ्या-मेंढ्यांनाही छावणीत जागा हवी अशी ओरड झाली, आणि ती रास्त होती.

या सगळ्या पत्रव्यवहारात कोंबडी कोठेही नाही. तिच्या वतीने कोणी अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. किंबहुना ज्यांच्या अंगणात ती वावरते त्या बायकांच्याही मनात असे काही मागता येईल ही कल्पना आलेली नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्याच्या पाटोदा-शिरूर कासार भागातल्या एका वस्तीवर सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना मी हे विचारले, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कोंबडीला कोन इचारतंय बाबा? गाईला छावनी हाय, शेळीला लोक पाला आनून टाकतेत. कोंबडी आपली आपून खाती अन् आपली आपून मरती."

सरकार कोंबडीला मोजतच नाही असे मात्र नाही. १९१९ पासून या देशात पशुगणना होत आली आहे, आणि २०१९ च्या विसाव्या गणनेत देशातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख भरली. त्यांतले ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले, म्हणजे पिंजऱ्यात वा शेडमध्ये न राहता दिवसभर मोकळे हिंडून सांजेला खुराड्यात परतणारे होते. २०१२ च्या मानाने परसातल्या पक्ष्यांच्या संख्येत ४५ टक्क्यांहून अधिक वाढ झाली होती. एवढ्या मोठ्या जनसंख्येची, म्हणजे पक्षिसंख्येची, शासनाशी गाठ एकंदर दोनच प्रसंगी पडते: सुमारे पाच-सहा वर्षांनी प्रगणक दारात येऊन आकडा विचारतो तेव्हा, आणि बर्ड फ्लूची साथ आली म्हणून पथक दारात येऊन तिची मान मुरगळते तेव्हा. दुसऱ्या प्रसंगी तिचा पंचनामा होतो, वय लिहिले जाते, किंमत ठरते. जिवंतपणी जिची किंमत कोणी विचारली नाही तिचे मूल्यांकन मरणाच्या दिवशी व्हावे, ही गोष्ट मला त्या वस्तीवर हिंडताना पुन्हा पुन्हा खटकत राहिली, आणि हा लेख तिच्याच पाठीमागे गेलेला आहे.

आजींच्या घरापुढे दगडमातीचे बैठे खुराडे आहे; त्याच्या तोंडाला लाकडी फळी आणि फळीला आडवा धोंडा. मुंगूस आणि रानमांजर यांच्यासाठी एवढा बंदोबस्त पुरतो; घारीसाठी बंदोबस्त नाही, तिच्यासाठी केवळ आजींचा आवाज आहे. पिलांची कोंबडी दिवसा डालग्याखाली डालून ठेवायची, पिले अंगणभर होऊ लागली की मोकळी सोडायची, हा शिरस्ता. किती कोंबड्या आहेत असे विचारल्यावर त्यांनी सात सांगितल्या: चार कोंबड्या, दोन तलंगा आणि एक कोंबडा, ज्याच्या मानेवर पिसे नाहीत. असला उघड्या मानेचा पक्षी उन्हाळा बरा काढतो हे त्यांचे निरीक्षण आहे, आणि पशुशास्त्रही तेच सांगते, कारण कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि अंगाचे उघडे भाग वाऱ्याला देणे एवढेच उपाय निसर्गाने तिला ठेवले आहेत.

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या वर जाते, आणि म्हणून कागदावर हिशेब करणाऱ्यांना गावरान कोंबडी हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. परंतु त्या हिशेबात लेगहॉर्नच्या खाण्याचा, औषधाचा, विजेचा खर्च निराळ्या पानावर असतो. आणि गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी देऊन खुडूक होते, त्याच अंड्यांवर एकवीस दिवस बसते, पिले काढते, त्यांना उकरून खाणे शिकवते, घार दिसताच पंखाखाली घेते, ही सगळी मजुरी तर कोणत्याच पानावर नसते. सुधारित म्हणून वाटलेल्या वनराजा, गिरिराजा या जाती जड आहेत, अंडी जास्त देतात, यात वाद नाही. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि अंगाने जड म्हणून झाडावर उडून जीव वाचवणे त्यांना साधत नाही. योजनेतून मिळालेली असली पिले मुंगसाने महिनाभरात कशी संपवली हे सांगताना वस्तीवरच्या बायकांना दुःखापेक्षा गंमतच अधिक वाटत होती.

अंडे दहा-पंधरा रुपयांना जाते. चांगली कोंबडी चारशे-पाचशेला, आणि आखाडात मागणी चढली म्हणजे त्याहूनही वर. श्रावण लागला की तोच व्यापारी, तीच फटफटी, तीच तारेची जाळी, आणि भाव मात्र निराळा. बाजाराच्या अंड्याचा दर दररोज ठरवून जाहीर करण्यासाठी १९८२ पासून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आहे. गावरान अंड्याचा दर उंबऱ्यावर ठरतो, आणि तो ठरवताना घरधन्याला विचारले जात नाही. हे मी मुद्दाम लिहितो. कापसाचा पैसा, सोयाबीनचा पैसा, ऊसतोडीची उचल यांवर ज्या घरात पुरुषाची सही चालते त्या घरातही कोंबडीचा पैसा बाईचा असतो; त्यातून मीठ-मिरची, नातवाची वही, माहेरी जायचे एस.टी.चे भाडे निघते, आणि पाहुणा आला तर कोणती कोंबडी कापायची हेही तीच ठरवते. जिच्याजवळ एकही पक्षी नाही तिला शेजारीण अर्धलीने कोंबडी देते: सांभाळणारीने सांभाळायची, पिले झाली की निम्मी हिची, निम्मी तिची. या कराराला स्टँप लागत नाही, तरी त्याच्या बाबतीतली तंटे-बखेड्याची हकिकत मला कोणी सांगितली नाही. शेतीच्या बटईविषयी मात्र कितीतरी ऐकली.

आता दुष्काळ या घडीला कोठे मोडतो ते पाहावे. पाणी नाही म्हणून कोंबडी तहानेने मरते, असे दुरून वाटते, आणि ते खरे नाही. कोंबडीला साधारण पाव लिटर पाणी लागते, उन्हाच्या तडाख्यात त्याच्या दुप्पट. टँकरच्या माणशी वीस लिटरांतले तेवढे कोणतीही गृहिणी मोरीच्या सांडपाण्यातून भागवते. मोडते ते उकिरड्यावर. गावरान कोंबडीचा खरा पोशिंदा उकिरडा आहे: शेणातले किडे, कुजत्या काडीकचऱ्यातली वाळवी, गव्हाणीतून सांडलेले दाणे, खळ्यावरचा भुसा. जनावरे छावणीत गेली म्हणजे शेण छावणीत गेले. शेण गेले म्हणजे उकिरडा वाळला, किडा गेला, आणि ज्या कोंबडीला आजवर मूठभर दाण्यांत भागत होते तिला पोटभर दाणे घालण्याची पाळी आली, तीही नेमकी त्या वर्षी, ज्या वर्षी ज्वारीच घरात आली नाही आणि रेशनचा गहू मोजून पुरवायचा आहे. छावणीचा हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या हे ध्यानी यावे अशी माझी अपेक्षा नाही. पण गायीला वाचवणारी योजना कोंबडीच्या ताटातले काढून घेते एवढे कोणीतरी लिहून ठेवावे.

दुसरी मोडतोड सावकाश होते, आणि म्हणून ती दिसत नाही. चैत्र-वैशाखात अंडी रवणीला बसवायची नाहीत असा या भागातला संकेत आहे, कारण उन्हाने गर्भ मरतो आणि अंडी गार निघतात. मृगाच्या तोंडावर, आभाळ आले की टोपलीत राख-माती पसरून बारा अंडी मांडायची, विजेच्या कडकडाटाने ती नासू नयेत म्हणून एखादा खिळा नाहीतर विळ्याचा तुकडा शेजारी ठेवायचा. लोखंडाचा उपयोग किती ते देव जाणे, ऋतूचा हिशेब मात्र पक्का आहे. दुष्काळी वर्षात मृग कोरडा जातो. धापा टाकून टाकून कोंबडीच्या रक्तातले चुन्याचे गणित बिघडलेले असते, अंड्याचे कवच पातळ येते. त्यातून जी अंडी धड निघतात ती विकण्यावाचून गत्यंतर नसते, कारण तेवढीच रोकड घरात येणारी असते. रवण न बसल्याने पुढच्या वर्षी तलंगा नाहीत, तलंगा नाहीत म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी अंडी नाहीत. पाऊस झाला, पैसेवारी साठाच्या वर गेली, टँकर बंद झाले, वर्तमानपत्रांनी दुष्काळ संपल्याचे छापले, की त्या सुमारास खुराड्यातला दुष्काळ सुरू होतो.

बहात्तरच्या दुष्काळात आजी नव्या नवरी होत्या. खडी फोडायला जात, तेथे मिळणारी सुकडी पदरात बांधून आणीत. "ती दिराच्या लेकरायला चारायची, अन् पदर झटकला की भुगा कोंबडी खायची. बहात्तरात कोंबडी जगली ती सरकारच्याच सुकडीवर," असे त्या म्हणाल्या. पुष्कळ अहवाल मी वाचले. त्या योजनेचा हा लाभार्थी कोणत्याही अहवालात मला आढळला नाही.

मर हा शब्द त्या वस्तीवर जितक्या सहजतेने उच्चारला जातो तितक्या सहजतेने बर्ड फ्लू उच्चारला जात नाही. ऋतू पालटताना, विशेषतः उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पहिल्या गारव्यात, कोंबड्यांना मर लागते: मान वाकडी होते, हिरवट-पांढरी हगवण लागते, पंख लोंबतात आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. ही बहुधा मानमोडी, म्हणजे शास्त्रीय भाषेत राणीखेत. तिच्यावर लस आहे, ती स्वस्त आहे, आणि पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत ती कैक वर्षे तयार होते. पिलू आठवड्याचे होते न होते तोच लासोटाचा थेंब डोळ्यात, आणि दोन महिन्यांचे झाले की दुसरी लस टोचून, एवढे केले तर निम्मी मर थांबेल, असे कोणताही पशुवैद्य सांगतो. अडते ते बाटलीवर. बाटली शंभर पक्ष्यांची किंवा त्याहून मोठी. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा विरघळवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते. शेडवाल्याला हे सोयीचे आहे. सात कोंबड्यांच्या बाईने शंभराच्या बाटलीचे काय करायचे? शिवाय कोंबड्या सकाळी खुराड्यातून सुटल्या की दिवसभर हाती लागत नाहीत. लस टोचायची तर पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, आणि दवाखान्याची वेळ त्या दोहोंच्या मधली आहे.

दर वर्षी ज्या अंगणात निम्मे पक्षी मरतात त्या अंगणातल्या बाईला मेलेल्या कोंबडीचे भय वाटावे कसे? बर्ड फ्लूची वर्दी वेळेवर मिळत नाही, लोक मेलेले पक्षी नाल्यात टाकतात, अशी तक्रार कचेऱ्यांतून ऐकू येते, आणि ती खोटी नाही. परंतु मानमोडीने मेलेली कोंबडी आणि बर्ड फ्लूने मेलेली कोंबडी यांत अंगणात उभे राहून फरक करणे पशुवैद्यालाही शक्य नसते. त्यासाठी नमुना पुण्याला आणि तेथून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेला जावा लागतो. नेहमीच्या मरीसाठी जो दवाखाना कधी अंगणात आला नाही, त्याला या खेपेची मर निराळी आहे हे कळवायला बाईने तालुक्याला जावे, अशी ही अपेक्षा आहे.

भारतात बर्ड फ्लूची पहिली अधिकृत वर्दी महाराष्ट्रातूनच गेली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचे नाव देशभर झाले. नवापूर हे मोठमोठ्या शेडांचे गाव. मात्र शेडांभोवतीचे पाडे भिल्ल, मावची, कोकणी कुटुंबांचे, आणि तेथल्या प्रत्येक झोपडीशी दहा-पाच कोंबड्या. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तेव्हा रोगाच्या केंद्रापासून तीन किलोमीटरांचे वर्तुळ आखले गेले ते साहजिकच राज्याची हद्द ओलांडून पलीकडच्या उच्छलकडे गेले. लाखो पक्षी मारून चुन्यासह खड्ड्यांत गाडले गेले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत रोग निघाला, तो शेडांत नव्हे, परसांत. २००८ मध्ये पश्चिम बंगालात चाळीस लाखांच्या आसपास पक्षी मारले गेले, त्यांतही अंगणातले पक्षी फार होते. मराठवाड्याची पाळी जानेवारी २०२१ मध्ये आली: परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या थोड्या दिवसांत मेल्या, लातूर जिल्ह्यातल्या केंद्रेवाडीतही तेच, आणि एक किलोमीटरच्या वर्तुळातले पक्षी नष्ट करून दहा किलोमीटरपर्यंत खरेदी-विक्री बंद झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नवापूर पुन्हा. आणि २०२५ च्या जानेवारीत रायगड जिल्ह्यात उरणजवळ चिरनेरला.

पक्षी मारण्याच्या कामावर गेलेल्या एका पशुधन पर्यवेक्षकाशी मी पुष्कळ वेळ बोललो. भला माणूस, पांढऱ्या पोषाखात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून दिवस काढलेला. शेडमधले काम, म्हणाला, कठीण नसते. दार बंद असते, पक्षी पळत नाहीत. गावातले काम रात्रीचे. कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर जायचे. त्यातल्या काही चिंचेवर नाहीतर छपरावर बसणाऱ्या. "आणि साहेब, आम्ही येणार हे गावाला आधी कळतं. पहिल्या घरी दहा कोंबड्या, दुसऱ्या घरी चार, तिसऱ्या घरापासून खुराडी रिकामी. आता कोंबड्या गेल्या कुठं? कणगीत, पलंगाखाली, पोत्यात घालून लेकीच्या गावाला." लेकीचे गाव वर्तुळाबाहेर असते आणि रोगाच्या बाजूने पाहिले तर यासारखे अनर्थकारक दुसरे काही नाही, हे तो मला समजावून सांगत होता, तरी त्याच्या स्वरात राग नव्हता.

मी पथकाच्या विरुद्ध नाही. हा विषाणू माणसाला क्वचित लागतो, परंतु लागला तर जगभर नोंद झालेल्या रुग्णांतले जवळजवळ निम्मे दगावले आहेत. २०२१ च्या जुलैत हरियाणातला एक मुलगा दिल्लीत त्यानेच गेला. अंगणात पिले हाताळणारी बाई आणि त्यांच्यात खेळणारी पोरे यांच्यासाठीच वर्तुळ आखावे लागते, आणि २००९ च्या कायद्याने तो अधिकार सरकारला दिला आहे. माझे म्हणणे मोबदल्याविषयी आहे. २०२१ साली आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या पक्ष्याला नव्वद रुपये, लहान पिलाला वीस, अंड्याला तीन रुपये असे दर होते. शेडमधल्या पक्ष्याच्या उत्पादनखर्चाशी त्यांचा मेळ बसवता येईल. बाजारात चारशेला जाणारी, वर्षातून तीनदा पिले काढणारी कोंबडी नव्वद रुपयांत घालवणे कोणत्या बाईला पटावे? त्याहून कठोर अट अशी की मोबदला मारलेल्या पक्ष्याचा. रोगाने आधीच मेलेल्याचा नाही. लवकर वर्दी द्यावी, एवढाच हेतू त्या अटीमागे असावा. शेडवाल्याचे दहा हजारांपैकी पाचशे मेले तर उरलेल्या साडेनऊ हजारांसाठी तो धावत जातो. आजींच्या सातांपैकी सहा एका रात्रीत मेल्या तर उरलेल्या एकीच्या नव्वद रुपयांसाठी त्या काय म्हणून धावतील? आणि मोबदल्याचा पैसा खात्यावर जमा होतो. त्या घरात खाते ज्याच्या नावावर आहे त्याने त्या कोंबड्यांना आयुष्यात कधी मूठभर दाणे घातलेले नसतात. ही शेवटची गोष्ट मला तीन निरनिराळ्या बायकांनी, जवळजवळ एकाच शब्दांत आणि एकाच तऱ्हेने नाक मुरडून सांगितली.

मग साथीपेक्षा साथीची बातमीच आधी येते. शंभर कोसांवर कोठे कावळे मेले की फटफटीवाला व्यापारी त्याच आठवड्यात निम्मा भाव सांगतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कोंबडीचा काही एक संबंध नसता करोनाच्या नुसत्या अफवेने ब्रॉयलरचा दर किलोला दहा-पंधरा रुपयांवर आला, आणि शेडवाल्यांनी पिले जिवंत गाडली. नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही, सत्तर अंश उष्णतेला तो मरतो, हे प्रत्येक खेपेला जाहीर होते आणि प्रत्येक खेपेला बाजार ते महिना-दीड महिन्यानंतर ऐकतो.

दुष्काळ आणि ही साथ यांचा आपसात काही संबंध आहे काय, हा प्रश्न मी पर्यवेक्षकाला घातला होता. उन्हात विषाणू लवकर नष्ट होतो, थंड पाण्यात आठवडे टिकतो. म्हणून साथ पौष-माघात निघते, जेव्हा उत्तरेकडून आलेले चक्रवाक आणि पट्टकादंब आमच्या जलाशयांवर उतरलेले असतात. अवर्षणाच्या साली पाझर तलाव पौषातच आटू लागतात. जे पक्षी एरवी दहा तळ्यांवर पांगले असते ते दोन डबक्यांवर दाटी करतात, तेथेच बगळे आणि कावळे, तेथेच गुरे, आणि जवळ घर असेल तर पाण्याच्या कडेचा किडा वेचायला आलेल्या कोंबड्याही. एवढे सांगून पर्यवेक्षक म्हणाला की हे त्याचे स्वतःचे अनुमान आहे, वरून आलेले नाही. मला ते अनुमान अनेक परिपत्रकांहून शहाणपणाचे वाटले.

पथकाच्या नकाशाला आणखी एक गोष्ट ठाऊक नाही. रोगाचे वर्तुळ गावाभोवती आखले जाते. पण बालाघाटातली निम्मी वस्ती दसरा-दिवाळीनंतर गावात नसते. मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयते सांगली-कोल्हापूरकडे, पलीकडे कर्नाटकात जातात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या, भांडी, शेळी, लेकरे यांच्या वर डालगे बांधलेले असते. कोंबड्याही ऊसतोडीला जातात. फडाशेजारच्या कोपीपुढे त्यांना भरपूर किडा मिळतो, ओल मिळते. दुष्काळी वर्षात तर कोंबड्या गावापेक्षा तेथेच धष्टपुष्ट होतात, असे बायका सांगतात. चैत्रात त्याच ट्रॉलीतून त्या परततात. पाच-सहा महिने दोन-तीन जिल्हे ओलांडून जाणाऱ्या-येणाऱ्या या पक्ष्यांची नोंद ना इकडच्या दवाखान्यात, ना तिकडच्या.

मी वस्तीवर होतो ते दिवस निघण्याच्या गडबडीचे होते. बचतगटातून शिकून तयार झालेली एक पशुसखी, तिशीची, दहावी पास, दारोदार वही घेऊन फिरत होती. शंभराची बाटली फोडायची तर शंभराच्या आसपास पक्षी एका सांजेला हाताशी हवेत, म्हणून ती नावे लिहीत होती, पक्ष्यामागे दोन-दोन रुपये गोळा करीत होती. बाटली गुरुवारी यायची होती. मुकादमाचा निरोप आला की ट्रॅक्टर मंगळवारी. तिने मुकादमाला दोन दिवस थांबण्याविषयी फोनवर विचारून पाहिले. त्याचे उत्तर शेजारी उभ्या असलेल्या आम्हा सर्वांना ऐकू आले आणि ते छापण्याजोगे नाही. तेव्हा तिने सोमवारीच स्वतः तालुक्याला जाऊन थर्मासात बर्फ घालून बाटली आणायचे ठरवले, आणि वही पुन्हा मोजायला घेतली. अठ्ठ्याऐंशी भरले. जाणाऱ्यांच्या एकसष्ट, राहणाऱ्यांच्या सत्तावीस.

"आजी, तुमच्या सात लिहिल्या हायेत. आजून कुनाच्या राहिल्या का बघा बरं. बारा डोस वाया चालले."

आजींनी माझ्याकडे पाहिले, मग वहीकडे पाहिले. "ह्यो मानूस सरकारचा न्हाई ना?" असे त्यांनी पशुसखीला विचारले. नाही म्हणताच त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि कणगीमागचे पोते सरकवल्याचा आवाज आला.

"अकरा लिही," त्या आतून म्हणाल्या. "अन् लेकीच्या पाच हायेत माझ्याकडं, अर्धलीच्या. त्या माझ्या नावावर नको लिहू. त्याचे पैसे ती देईल."